हाफ टाइमला दहाने पुढे, शेवटी चारने पराभव: तिसऱ्या क्वार्टरमध्ये संघ का कोसळतो आणि काय तपासायचं

लक्षण ओळखीचं आहे. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये शाळेचा बास्केटबॉल संघ मोकळा खेळतो, पास जुळतात, हाफ टाइमला आठ-दहा गुणांची आघाडी असते. तिसरा क्वार्टर सुरू होतो आणि पाच-सहा मिनिटांत ती आघाडी संपते. चौथ्यात पोरं नुसती पाठलाग करत राहतात. एखाद्या सामन्यात असं झालं तर तो खेळाचा भाग. पण तालुक्याला, जिल्ह्याला आणि पुढे विभागालाही हेच होत असेल, तर त्यामागे ठरावीक कारणं असतात आणि ती शोधता येतात.

निदान बहुतेक ठिकाणी एकच होतं: ‘पोरांचा स्टॅमिना कमी पडतो.’ दुसऱ्या दिवसापासून मैदानाला पंधरा-वीस फेऱ्या सुरू. महिन्याभराने पोरं फेऱ्या मजेत मारतात, तिसरा क्वार्टर मात्र तसाच. दमलेला खेळाडू धावण्यात मागे पडतो त्याच्या कितीतरी आधी पास चुकवतो, हात घालून फाउल करतो, बॉक्स आउट (समोरच्याला पाठीने अडवून रिंगपासून दूर ठेवणं) सोडून देतो. शिवाय मध्यंतरानंतर फक्त आपलीच पोरं बदललेली नसतात. समोरच्या सरांनी त्या वेळात काहीतरी ठरवलेलं असतं, बाजू बदललेल्या असतात, ऊन सरकलेलं असतं. फेऱ्यांनी यातलं काही सुटत नाही.

आघाडी गेली कुठे, ते आधी मोजा

बेंचवर बसणाऱ्या एका राखीव खेळाडूच्या हातात वही-पेन द्या. पानावर चार क्वार्टरचे चार उभे रकाने आखा. चेंडूचा ताबा आपल्याकडे आला की तो संपेपर्यंत काय झालं, याची एकच खूण करायची. बास्केट झाली तर ‘ब’, शॉट चुकून रिबाउंड (रिंगवरून उडालेला चेंडू) त्यांनी घेतला तर ‘च’, शॉट न मारताच चेंडू गेला तर ‘ट’, फ्री थ्रो मिळाले तर ‘फ’. प्रत्येक रकान्याच्या तळाशी आणखी दोन नोंदी हव्यात: आपला चौथा टीम फाउल (सगळ्या खेळाडूंचे मिळून चौथा) झाला तेव्हा घड्याळात किती वेळ उरला होता, आणि समोरच्यांना त्यांच्याच चुकलेल्या शॉटवर चेंडू पुन्हा किती वेळा मिळाला. सातवी-आठवीतला पोरगाही हे नीट लिहितो. एका सराव सामन्यात शिकवून ठेवा.

दहा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये एका संघाच्या वाट्याला साधारण १५ ते २० ताबे येतात. समजा दुसऱ्या क्वार्टरमध्ये १७ पैकी ३ ‘ट’ आहेत आणि तिसऱ्यात १७ पैकी ८. म्हणजे पाच ताबे शॉटशिवाय गेले, त्यात आपले चार-एक गुण बुडाले. पण चोरलेल्या चेंडूवर समोरच्याला मोकळा लेअप (रिंगजवळ जाऊन टाकलेला सोपा शॉट) मिळतो आणि पाचपैकी चार वेळा तो घातला जातो. त्यांचे आठ झाले. बारा गुणांचा फरक पडला, दहाची आघाडी दोनच्या पिछाडीवर आली, आणि या सगळ्यात आपलं शूटिंग जराही बिघडलेलं नव्हतं. स्कोअरशीटवर हे दिसत नाही, वहीत दिसतं.

तीन सामन्यांची पानं शेजारी ठेवली की उत्तर बहुधा समोर येतं. तिसऱ्या रकान्यात ‘ट’ दुपटीने वाढले असतील तर गोष्ट चेंडू हाताळण्याची आहे. ‘ट’ तेवढेच पण चौथा फाउल पाच मिनिटं उरलेली असतानाच झालेला असेल, तर दोष बचावाच्या हातांचा आहे. ‘च’ वाढले असतील आणि शॉट रिंगच्या पुढच्या काठावर आपटत असतील, तर पाय दमलेत. तिथे शरीराची तयारी पाहायला हवी. समोरच्यांच्या दुसऱ्या संधी क्वार्टरला चारच्या वर गेल्या असतील, तर रिबाउंड.

आपल्याकडच्या शालेय संघांत पहिलं कारण सर्वांत जास्त आढळतं, म्हणून त्यावर सविस्तर.

प्रेस लागला की चेंडू का जातो

मागे पडलेल्या संघाकडे मध्यंतरानंतर एक हुकमी हत्यार असतं: फुल कोर्ट प्रेस. बास्केट झाली की ते आपल्याच अर्ध्या मैदानात अंगावर येतात. ८ सेकंदांत चेंडू मधल्या रेषेपलीकडे न्यायचा असतो, थ्रो-इनला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला, ५ सेकंद असतात. पहिल्या हाफमध्ये वीस मिनिटं एकटाच चेंडू वर नेणारा आपला पॉइंट गार्ड नेमका आता दमलेला असतो.

चेंडू दोन ठरावीक जागी अडकतो. एक, आपल्या बेसलाइनचा (बास्केटमागच्या रेषेचा) कोपरा. थ्रो-इन कोपऱ्यात घेतला की बेसलाइन आणि साइडलाइन या दोन रेषा समोरच्याचेच दोन खेळाडू बनतात, बाकीचे दोन खरे येऊन दार बंद करतात. दुसरी जागा मधली रेषा ओलांडल्याबरोबरचा साइडलाइनजवळचा कोपरा. तिथून मागे पास दिला तर बॅककोर्टचा नियमभंग (चेंडू मधल्या रेषेमागे परत नेल्याचा), बाजूला रेषा, समोर दोघं. चांगले प्रशिक्षक ड्रिबल करणाऱ्याला मुद्दाम त्या कोपऱ्याकडे हाकतात. पोराला वाटतं मोकळी वाट मिळाली, आणि तो सापळ्यातच जाऊन उभा राहतो.

सापळ्यात सापडल्यावर बहुतेक पोरं तीन चुका करतात: चेंडू हातात आल्या आल्या न बघता पहिला ड्रिबल टाकतात, घाबरून ड्रिबल मध्येच थांबवतात, आणि मग दोघांच्या डोक्यावरून उंच पास फेकतात. उंच पास हवेत जास्त वेळ राहतो, मागे थांबलेला तिसरा बचावपटू तो आरामात उचलतो. चौथी चूक बाकीच्या चौघांची. चेंडू अडकलेला दिसत असूनही ते पुढे पळत सुटतात, आणि अडकलेल्याला जवळचा एकही पास उरत नाही.

उपाय एका सूत्रात बसतो आणि पोरांच्या तोंडी तो बसवायलाच हवा: बाजू, मध्य, विरुद्ध बाजू. चेंडू बाजूला घ्या, तिथून मधल्या माणसाला द्या, मधल्याने विरुद्ध बाजूला काढून द्या. प्रेस नेहमी चेंडूच्या बाजूला गोळा होतो, त्यामुळे विरुद्ध बाजू मोकळीच असते.

मांडणी अशी करा.

१. थ्रो-इन पॉइंट गार्डने करायचा नाही. उंच, शांत डोक्याच्या फॉरवर्डला हे काम कायमचं द्या. बास्केट पडली की जाळीतून चेंडू त्यानेच घ्यायचा आणि बेसलाइनबाहेर बोर्डच्या सरळ मागे न थांबता एक-दोन पावलं बाजूला व्हायचं. मागे राहिलं तर पास बोर्डच्या कडेला लागतो. समोरच्यांनी बास्केट केल्यानंतरच्या थ्रो-इनला बेसलाइनवर धावता येतं, ही सवलत फार कमी पोरांना माहीत असते. फाउल किंवा नियमभंगानंतर मात्र जागेवरूनच टाकावा लागतो. हा फरक रेफरीला विचारून घ्यायची सवय लावा: ‘सर, पळता येईल का?’

२. दोन्ही गार्ड फ्री थ्रो रेषेच्या दोन टोकांना. एकाने दुसऱ्याच्या बचावपटूला स्क्रीन द्यायचा (वाटेत उभं राहून त्याला अडवायचं), दुसऱ्याने त्यावरून सुटून चेंडू घ्यायचा. चेंडू घेण्याची जागा फ्री थ्रो रेषेच्या उंचीवर. कोपऱ्यात कधीच नाही.

३. चेंडू हातात आला की वळायचं, हनुवटी वर, मनात ‘एक’ म्हणायचं. या एका सेकंदात पुढचं सगळं मैदान दिसतं. ड्रिबल त्यानंतर, तोही गरज असेल तर.

४. मधला खेळाडू मधल्या रेषेच्या अलीकडे, मैदानाच्या बरोबर मध्यात. त्याने उभं राहून पासची वाट पाहायची नाही. चेंडूकडे दोन-तीन पावलं धावत यायचं आणि दोन्ही हात दाखवायचे.

५. थ्रो-इन टाकणारा लगेच मैदानात येऊन चेंडूच्या एक पाऊल मागे, तिरक्या दिशेला थांबतो. सापळा बसला तर त्याच्याकडे मागचा पास नेहमी असतो.

६. पाचवा पलीकडच्या बास्केटजवळ, पण मोकळ्या बाजूला. चेंडू मध्यात पोचला की बहुतेकदा तीन विरुद्ध दोन असतं. इथे थांबायचं नाही, सरळ रिंगकडे जायचं. प्रेस मोडून दोन लेअप झाले की समोरचे सर स्वतःच प्रेस काढून घेतात. नुसता चेंडू पलीकडे नेऊन श्वास घेत थांबणाऱ्या संघावर ते तो लावूनच ठेवतात.

पास तीन ते पाच मीटरचे ठेवा. सापळ्यातून बाहेर पडताना वर दाखवून खाली, म्हणजे डोक्यावरून पास देतोय असं भासवून पाऊल टाकत बचावपटूच्या पायाशेजारून बाउन्स पास.

ओरडण्याचे शब्दही ठरवून घ्या. ‘तुझ्या मागून खेळाडू येतोय’ एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत चेंडू गेलेला असतो. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडच्या घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरांना ‘मांगे!’ (मागे) आणि ‘आठे!’ (इथे) हे दोन शब्द झटकन कळतात, शिवाय बाहेरच्या संघाला पटकन समजत नाहीत. शब्द कोणतेही घ्या, पण दोन अक्षरांचे आणि सगळ्यांचे एकच.

हे सरावात कसं बसवायचं

ताज्या पायांवर प्रेस मोडायचा सराव करून फारसा उपयोग नाही; तो दमलेल्या पायांवरच मोडायचा आहे. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी एक लाइन ड्रिल: बेसलाइनवरून जवळची फ्री थ्रो रेषा आणि परत, मधली रेषा आणि परत, पलीकडची फ्री थ्रो रेषा आणि परत, पलीकडची बेसलाइन आणि परत. २८ मीटरच्या मैदानावर हे बरोबर १४० मीटर होतं. पोहोचल्याबरोबर, श्वास लागलेला असतानाच, थ्रो-इन आणि प्रेस.

पहिला आठवडा ड्रिबल पूर्ण बंद. तीन विरुद्ध दोन, फक्त मागच्या अर्ध्या मैदानात, मोठ्याने आठ मोजत. ड्रिबल नसला की पोरं बघायला आणि सुटायला शिकतात. दुसऱ्या आठवड्यात पाच विरुद्ध पाच, ड्रिबल दोनच. तिसऱ्या आठवड्यात पाच विरुद्ध सात. हो, सात. बचावाला दोन जास्तीचे सोडले की सामन्यातला पाचांचा प्रेस विरळ वाटू लागतो. दहा प्रयत्नांत सात वेळा चेंडू आठ सेकंदांत पलीकडे गेला की पुढे सरका. नाही गेला तर त्याच पायरीवर राहा. हा भाग रोज १५ मिनिटं पुरतो. एका दिवशी तासभर करून चार दिवस सोडून दिला तर हाती काही लागत नाही.

चेंडू हाताळणारा दुसरा खेळाडू तयार नसेल तर वरचं सगळं लंगडं पडतं. प्रत्येक शालेय संघात एक चांगला पोरगा असतो आणि सगळे त्याच्याच हातात चेंडू देऊन मोकळे होतात. जिल्हा पातळीवर समोरचा संघ पहिल्या पाच मिनिटांत त्याला ओळखतो. आठवड्यातून दोन दिवस सरावाच्या सामन्यात त्याला चेंडू वर न्यायला बंदी करा. सुरुवातीला दुसरा चुकेल, आठ दिवस खेळ कुरूप दिसेल. तो दिसू द्या.

फाउल: चौथ्यानंतरचा हिशेब

एका क्वार्टरमध्ये चार टीम फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो, तो शॉट मारत नसला तरी. तिसऱ्या क्वार्टरच्या पहिल्या चार मिनिटांत चार फाउल घालवले तर उरलेली सहा मिनिटं समोरचा फक्त अंगावर येत राहतो. पन्नास टक्के फ्री थ्रो घालणारा संघही दर फेरीला एक गुण नेतो, घड्याळ थांबलेलं असतं आणि आपले चांगले खेळाडू पाचव्या वैयक्तिक फाउलकडे सरकत असतात. चौथ्या क्वार्टरचे टीम फाउल जादा वेळेतही मोजले जातात, हेही लक्षात असू द्या.

हे फाउल बघा कुठे होतात: बहुतेक रिंगपासून सहा-सात मीटरवर, चेंडू हिसकायला हात खाली घातल्यामुळे. कारण पायात असतं. पाय सरकत नाहीत म्हणून हात पुढे जातो. सरावात बचावाच्या वेळी प्रत्येकाच्या दोन्ही मुठीत एकेक टेनिस बॉल द्या. हात घालताच येत नाही, पाय सरकवावेच लागतात. रोज सहा मिनिटं, दोन आठवडे.

बदलीचा साधा नियम: पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झालेला बाहेर, हाफ टाइमपूर्वी तिसरा झालेला तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यापर्यंत बाहेर. अपवाद करायचा तर तो सामन्याआधी ठरवा, रागाच्या भरात नको.

पाय, पाणी आणि खानदेशातलं ऊन

शालेय स्पर्धा बहुधा पावसाळ्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या उन्हात येतात, आणि सामने उघड्या सिमेंटच्या मैदानावर दुपारीही लागतात. अशा वेळी पाण्याचा हिशेब हा खेळाचाच भाग समजा.

सरावाआधी आणि नंतर पोरांचं वजन करून पाहा, शाळेतला साधा काटा चालतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की खेळ घसरू लागतो. ५० किलोच्या पोराला ते अवघं एक किलो. उन्हातल्या दीड-दोन तासांत सहज जातं. दर १५ ते २० मिनिटांनी अर्धा-पाऊण ग्लास पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. दीड तासाच्या पुढे खेळ असेल तर ओआरएस: एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट कालवलं तर पोट बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. फ्रिजमधलं बर्फगार पाणी एका दमात प्यायला देऊ नका, थोडं थोडं द्या.

जेवण सामन्याच्या अडीच-तीन तास आधी. वरण-भात, पोळी, दही चालेल. शेवभाजीची तर्री आणि भरीत सामना झाल्यावर, तेव्हा मनसोक्त. मध्यंतरात एक केळं. रावेर-यावल पट्ट्यात त्याहून सोपं आणि स्वस्त काही नाही. नवरात्रात उपवास करणारी पोरं असतात. त्यांना न रागावता आधीच विचारून केळी, ताक, शेंगदाणे-गूळ यांची सोय करून ठेवा.

कोणी अडखळत बोलू लागला, गोंधळला, उलट्या करू लागला तर सामना सोडा. सावली, अंगावर पाणी, वारा आणि थेट दवाखाना. त्या क्षणी स्कोअर पाहायचा नाही.

धावण्याच्या तयारीबद्दल थोडक्यात. बास्केटबॉल हा छोट्या धावांचा आणि छोट्या विश्रांतीचा खेळ आहे, सरावही तसाच हवा. वरचं १४० मीटरचं लाइन ड्रिल साधारण ३५ सेकंदांत, मग ७० सेकंद विश्रांती, असे सहा. आठवड्यातून तीन दिवस. चौथ्या आठवड्यात आठ. लांब फेऱ्या आठवड्यातून एकदा, मोसमाच्या सुरुवातीला, एवढ्या पुरे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा सकाळी सहा ते आठ हीच वेळ. संध्याकाळी सिमेंट अंधार पडेपर्यंत तापलेलं असतं.

पॉइंट गार्डच्या विश्रांतीची एक युक्ती फार कामाची आहे. पहिल्या क्वार्टरची शेवटची दीड मिनिटं त्याला बाहेर बसवा. त्यापुढे दोन मिनिटांची मधली सुट्टी येते, मध्ये घड्याळ थांबतं ते वेगळं. दीड मिनिटाचा खेळ देऊन साडेतीन-चार मिनिटांची विश्रांती मिळते. तिसऱ्याच्या शेवटी पुन्हा तसंच.

मध्यंतर वाया जातं ते असं

नियमाप्रमाणे मध्यंतर १५ मिनिटांचं. स्थानिक स्पर्धेत ते कमी केलेलं असू शकतं, तेव्हा सकाळीच आयोजकांना विचारा. सर्वांत मोठी चूक म्हणजे पूर्ण वेळ भाषण. पोरं बसून थंड होतात, दहा सूचना ऐकतात, एकही लक्षात राहत नाही आणि घामाने भिजलेल्या अंगाने थेट मैदानात उतरतात. पहिली तीन मिनिटं सावली आणि पाणी, कोणी बोलायचं नाही. तेवढ्यात तुम्ही वही बघा. पुढची तीन-चार मिनिटं फक्त दोन गोष्टी सांगा, त्यातली एक ‘ते प्रेस लावतील’ ही असू द्या. शेवटची पाच मिनिटं मैदानावर: दोन्ही बाजूंनी लेअप, प्रत्येकाचे दोन फ्री थ्रो, आणि प्रेस मोडण्याची मांडणी एकदा चालत.

तिसरा क्वार्टर मधल्या रेषेवरून थ्रो-इनने सुरू होतो आणि स्कोअरच्या टेबलावरचा ताब्याचा बाण ज्याच्या बाजूने त्याला चेंडू. बाण कोणाचा आहे हे टेबलावर बघून या आणि त्या पहिल्या चेंडूची चाल ठरवून ठेवा. बास्केट बदललेत, हेही प्रत्येकाला बोट दाखवून सांगा. गोंधळून चुकीच्या रिंगकडे वळलेली पोरं शालेय सामन्यात दिसतात.

बाजू बदलण्याचं आणखी एक दुखणं उघड्या मैदानाचं आहे. मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं असेल तर दुपारी चारच्या सामन्यात एका संघाला दुसऱ्या हाफमध्ये थेट सूर्याकडे बघत शॉट मारावे लागतात. वॉर्मअपला पोचल्याबरोबर दिशा बघा. तसं असेल तर दुसऱ्या हाफमध्ये लांबून शॉट कमी, रिंगकडे शिरणं जास्त, आणि बोर्डवर मारायचे शॉट चौकोनावर नजर ठेवून.

चेंडूही उन्हात ठेवू नका. तापलेला रबरी चेंडू फुगतो, जास्त उसळतो आणि हातातून सुटतो. १.८ मीटर उंचीवरून सोडल्यावर त्याचा वरचा भाग १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवा. त्याहून वर आला तर थोडी हवा काढा. आणि धूळ. काळ्या मातीवरचं सिमेंट माती फुगते-आकसते तसं तडकतं, भेगांतून माती वर येते, बूट घसरतात. बेंचशेजारी ओलं गोणपाट अंथरा, आत जाणाऱ्याने त्यावर तळवे पुसून जायचं.

टाइमआउट

पहिल्या हाफला दोन, दुसऱ्या हाफला तीन. पहिल्या हाफचे उरले तर पुढे जात नाहीत. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच घेता येतात, म्हणजे तोवर तिन्ही जपून ठेवले तर एक वाया. तेव्हा एक तिसऱ्या क्वार्टरसाठी राखलेलाच समजा. कधी? लागोपाठ दोन ‘ट’ झाले की लगेच, सहा-आठ गुण जाण्याची वाट न पाहता. मैदानावरच्या खेळाडूला टाइमआउट मागता येत नाही. प्रशिक्षकाने किंवा सहायकाने टेबलावर जाऊन खूण करावी लागते. समोरच्यांनी बास्केट केली की आपल्याला तो मिळू शकतो. प्रेसमध्ये अडकलेल्या संघासाठी हाच क्षण, म्हणून बास्केट पडायच्या आधीच टेबलाला सांगून ठेवा.

‘सावकाश!’ ही आरोळी

आघाडी असताना बेंचवरून ‘सावकाश, सावकाश’ असं ओरडलं जातं आणि पोरं त्याचा अर्थ ‘उभं राहा’ असा घेतात. परिघावर चार पास होतात, कोणी आत कापत नाही, शेवटी घाईत कुठूनतरी शॉट. २४ सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट मारायचा) असलं तर आणखी वाईट. आघाडी टिकते ती लेअप आणि फ्री थ्रो मिळवत राहिल्याने. शेवटची दोन मिनिटं येईपर्यंत खेळाचा वेग बदलू नका. ‘सावकाश’च्या जागी ‘आत!’ असं ओरडून बघा.

रिबाउंडचं कारण निघालं तर उपाय छोटा आहे. झोन (माणसाऐवजी जागा राखायचा बचाव) खेळताना कोणाचा माणूस कोण हे ठरलेलं नसतं, शॉट उडाला की सगळे मान वर करून बघतात. नियम एक: शॉट उडताच आधी अंगाला अंग, मग चेंडू. सरावात बॉक्स आउट केल्यावर चेंडू जमिनीवर एकदा टप्पा खाईपर्यंत कोणीच तो घ्यायचा नाही. तोवर समोरच्याला पाठीवर धरून ठेवायचं.

फ्री थ्रोही तसेच. वीस-वीस एकदम मारू नका. सामन्यात कोणाला वीस मिळत नाहीत. लाइन ड्रिलनंतर दोन, पुढच्या ड्रिलनंतर दोन. दमल्यावर चेंडू कमी पडतो कारण गुडघा वाकत नाही, हाताला दोष देऊ नका. आपल्या मैदानावरची रेषाही टेपने मोजा: बेसलाइनच्या आतल्या कडेपासून ५.८ मीटर, बोर्डच्या तोंडापासून ४.६. रिंग ३.०५ मीटरवर आहे का तेही. रंगाऱ्याने अंदाजाने ओढलेल्या रेषेवर वर्षभर सराव केलेली पोरं बाहेरच्या मैदानावर गडबडतात.

सामना दहाच दिवसांवर असेल तर

सगळं जमणार नाही. पहिले सहा दिवस फक्त प्रेस मोडणं, रोज अर्धा तास, लाइन ड्रिलनंतर. त्याबरोबर मुठीत टेनिस बॉल धरून बचाव. सातव्या दिवशी दुसऱ्या शाळेच्या संघाबरोबर सराव सामना, त्यांना सांगून दुसऱ्या हाफभर प्रेस लावून घ्या आणि वही भरा. ‘ट’ क्वार्टरला चारच्या आत आले तर उरलेले दोन दिवस फाउल आणि बदल्या ठरवण्यात घाला. नाही आले तर मांडणी तीच ठेवून थ्रो-इन टाकणारा किंवा मधला खेळाडू बदलून बघा. बऱ्याचदा दोष मांडणीत नसतो, मध्यात उभा केलेला पोरगा पासकडे धावत येत नसतो. शेवटच्या दिवशी फक्त चालत एकदा मांडणी, वीस मिनिटं शूटिंग, आणि पोरांना लवकर घरी सोडा.